चाळीस ॲक्सल

तुटून कारखान्यात परत आलेला बसचा ॲक्सल कापून वैजयंतानं त्याला आम्ल लावलं. कडक थराचं काळं कडं भोवतीनं सारखं उमटायला हवं होतं. एका बाजूला ते अगदीच पुसट होतं; तिथं ॲक्सल नीट कडक झालाच नव्हता.

"कुठल्या बसचा, साहेब?" तिनं विचारलं.

"शाळेच्या. घाटात मागं यायला लागली. ड्रायव्हरनं डोंगराला घासून थांबवली, म्हणून पोरं वाचली," क्वालिटीचे कुलथे साहेब म्हणाले. "पोलादच खराब निघालं, असं लिहून देऊ."

तिनं ॲक्सलवरचा शिक्का वाचला. नऊ मार्च, दुसरी पाळी. तेव्हा ॲक्सल तापवून पाण्यानं कडक करायच्या मशीनवर तीच होती. लालबुंद ॲक्सलवर पडणाऱ्या पाण्याचा जोर कमी झालेला तिला दिसला होता. तरी पाळी संपेपर्यंत तिनं काम रेटलं होतं.

"पोलाद चांगलं आहे, साहेब. चूक माझी."

नोकरी गेली, हे तिला कळून चुकलं होतं. पण साहेब काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्या दिवशी असे चाळीस झाले. हा एकच परत आलाय. बाकीच्या गाड्या आधी थांबवा."

गाड्या थांबवायला सांगण्यासाठी साहेबांनी फोन उचलला.