तिसरी टाकी

कुरुंदवाडच्या बंद पेट्रोल पंपाच्या दोन्ही टाक्या काढल्या, भोवतीची तेलकट मातीही उचलली, तरी शेजारच्या रत्नव्वांच्या विहिरीवर डिझेलचा तवंग येतच होता. आज काम संपणार होतं आणि विहीर बुजवायचं ठरलं होतं. “पोरी, चिंचेपाशी तिसरी टाकी हाय. माझ्या लग्नाच्या साली पुरलेली मी डोळ्यांनी बघितलीया,” रत्नव्वा माती तपासणाऱ्या मनालीला म्हणाल्या. “नकाशात न्हाय की ती!” ठेकेदार हसला. मनालीनं मात्र चिंचेपाशी खोल भोक पाडून मातीतली तेलाची वाफ मोजणाऱ्या मीटरची नळी आत सोडली. आकडा सरसर चढला आणि मीटर किंचाळायला लागला. “जेसीबी आणा!” ती ओरडली. थोडं खणताच लोखंड ठणकन वाजलं. गंजून ठिबकणारी टाकी वर येताच रत्नव्वांनी मनालीला मिठीच मारली. “घावली की गं!” ठेकेदारानं लगेच फोन लावला: “विहीर बुजवायची न्हाय. मुरुमाची गाडी माघारी फिरवा.”