म्हातारीची चाल

दीर केबिनमध्ये शिरला तेव्हा तिने नुकताच फोन खाली ठेवला होता. दार लावून घेत तो समोर बसला आणि हसला.

"वहिनी, तिकडची नोकरी मी नाकारतोय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

काचेच्या भिंतीपलीकडे तिचा सगळा स्टुडिओ कामात बुडालेला होता. व्हिडिओ गेममधली माणसं पडद्यावर चालवणं हे दिराचं काम. कोण कसं उठेल, कसं वळेल, धाप कशी लागेल, हे तो ठरवायचा. तो वहिनी म्हणतो म्हणून हळूहळू सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले होते. दाराशी बसणारी मुलगीसुद्धा आल्यागेल्याला सांगायची, "बसा, वहिनी मीटिंगमध्ये आहेत."

मीटिंग आत्ताच संपली होती, फोनवर. त्यांच्या गेमला पैसा पुरवणारी आणि तो बाजारात आणणारी मोठी कंपनी गाळात गेली होती. लागोपाठ दोन गेम आपटले, बँकांनी हात वर केले. आता आपल्या ताब्यातल्या स्टुडिओंपैकी एक विकायचा आणि बाकीचे बंद करायचे असं ठरलं होतं. तिचा बंद होणाऱ्यांत होता. पुढच्या आठवड्यात जाहीर होईपर्यंत अवाक्षर काढायचं नव्हतं. "बातमी तुमच्याकडून फुटली, तर तुमच्या माणसांना जाताना मिळणारे पगार विसरा," कंपनीचा वकील म्हणाला होता. आणि मग, सहज आठवल्यासारखं, "घरच्यांनाही नाही हं. तुमचे दीर तिथेच आहेत ना?"

"नाकारताय कशाला?" तिने विचारलं. "बायको वर्षभर तिकडे एकटीने पोरीला सांभाळतेय तुमची."

"तिलाच विचारलं. म्हणाली, इतकी वर्षं राबलात, आता तोंडाशी आलेला घास टाकून कुठे येता? गेम बाहेर पडू दे, मग बघू." तो पुढे झुकला. "आणि ऐन वेळी मी निघालो तर ही मंडळी काय समजतील? घरचाच माणूस चालला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

सांगता येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. मग तिला एकच वाट दिसली. रागावून गेला, तर निदान जाईल तरी.

"खरं सांगू का भावोजी? तुम्ही गेलात तर काही अडणार नाही."

तो थट्टा समजून हसला.

"गेममधली ती मोळीवाली म्हातारी बघा," ती म्हणाली. "पायऱ्या उतरते ती. किती वेळा केलीत? ती चालत नाही, घरंगळते. पूर्वी तुमचं काम बघून अंगावर काटा यायचा. आता चारचौघांत मलाच सांभाळून घ्यावं लागतं, घरचे म्हणून. किती दिवस घ्यायचं?"

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. म्हातारी इतकी जमून आली होती की काल ती एकटीच पुन्हापुन्हा बघत बसली होती.

दिराचे कान लाल झाले. तो उठला. खुर्ची जागेवर सरकवली.

"आधी सांगायचं होतंत," म्हणाला आणि बाहेर पडला.

काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती. फोन कानाला लावून तो खिडकीशी उभा होता. हो म्हणा, ती मनात म्हणत राहिली, हो म्हणा आणि सुटा. घरी आज कुणी तिच्याशी धड बोलणार नव्हतं. नवरा विचारणार होता, माझ्या भावाला असं कसं बोललीस? जाऊ जन्मभर डूख धरणार होती. धरू दे. सकाळपासून पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला.

तो परत आला, पण बसला नाही.

"कळवलं त्यांना. येत नाही म्हणून."

"भावोजी, अहो..."

"नाही, तुमचं बरोबर आहे. दुसरं कुणी असतं तर गोड बोलून वाटेला लावलं असतं. तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत." त्याने खिशातून मोबाइल काढला. "आता ती म्हातारी नीट चालेपर्यंत मी इथून हलत नाही. उठा."

"कुठे?"

"चालून दाखवा. काय चुकतंय ते तुम्हाला दिसतंय ना? मग तुमच्याच पायांवरून घेतो."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याशी त्याने तिला नेलं. कुणाच्या तरी बॅगेत छापायच्या कागदांचे गठ्ठे कोंबले आणि ती तिच्या पाठीवर अडकवली. खुर्च्या सरकल्या, माणसं गोळा झाली. "वहिनी हिरॉईन झाल्या!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. दीर जमिनीवर पालथा झोपला आणि मोबाइलचा कॅमेरा त्याने पायरीच्या उंचीला धरला.

ती वर गेली. उतरली.

"पुन्हा. एवढं ताठ नको."

ती पुन्हा उतरली.

"घाई होतेय. पुन्हा."

या खेपेला मधल्या पायरीवर तिचा गुडघा लटपटला. तिने कठडा धरला. हसणारे गप्प झाले.

"हां! हेच हवं होतं," दीर ओरडला. "थांबू नका, वहिनी!"

पण ती थांबली होती, तोंड भिंतीकडे वळवून.

"चेहऱ्याचं सोडा हो," तो जमिनीवरूनच म्हणाला. "कसाही असू दे. मी फक्त पाय घेतोय."