कासारणीची मूठ

नवरीच्या हातात चौथी हिरवी बांगडी चढत होती, तेवढ्यात कावेरी धापा टाकत दुकानाच्या दारात आली. तिच्या मनगटावर बोटांचे लाल वळ उमटले होते. शेवंता कासारीण नवरीचा हात सोडून लेकीकडं धावली.

"काय झालं गं?"

"स्टँडमागं एकानं हात धरून ओढलं, आई. मी सुटले, ओरडले, लोक धावले. पोलिसांनी नेला त्याला."

"बास झालं तुझं कॉलेज!"

"अगं, सुटायचं तिथल्याच शिबिरात शिकले. तूच चिडवायचीस ना, जावयाला बडवायला शिकतेस का म्हणून? धर माझा हात. जोरात धर."

शेवंतानं धरला. तीस वर्षं गावच्या लेकीसुनांना चुडा भरलेली ती मूठ. बांगडीच्या भीतीनं पोरी कितीही वळवळल्या तरी तिच्यातून हात कधी सुटला नव्हता. लेकीनं मनगट फिरवलं अन् आईच्या अंगठ्याच्या फटीतून हिसक्यासरशी काढून घेतलं. ओढ्यातली मासोळी निसटावी, तसं.

"पुन्हा," शेवंता म्हणाली. तीनदा धरलं, तीनदा मूठ रिकामी झाली. ती रिकामी मूठ छातीशी धरून ती रडतारडता हसली.

"मावशी, माझा चुडा?" नवरीनं विचारलं.

"भरते गं बाई. कावेरे, उद्या कॉलेजला वेळेवर निघ. पण आधी हिला तेवढं शिकव. बांगड्या कुठं पळून चालल्यात?"