लाल दोऱ्याचा ब्रश

सुविधा पिशवीत कपडे भरत होती. विठू, तिचा सासरा, दारात उभा होता. त्याच्या बायकोचं, देवकीचं, तेरावं काल झालं होतं.

धारगळच्या त्या घरात दोन ब्रश होते. लाल दोरा बांधलेला भाजी-फळं धुण्याचा, तो स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. हिरव्या दोऱ्याचा फवारणीचा पंप आणि औषधाचं माप घासायचा, तो गोठ्यात. दोरे देवकीचे. दर रविवारी ती दोन्ही ब्रश वेगवेगळ्या बालद्यांत गरम पाण्यातून काढून अंगणातल्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवायची.

देवकी सोमवार धरायची. त्या सोमवारी उपाशीपोटी तिने दोन तवशी, परसातल्या मोठ्या काकड्या, सालीसकट खाल्ली. सुविधाने ती ब्रशने घासून दिली होती. दुपारी देवकीच्या तोंडाला फेस आला. शेताचं औषध पोटात गेलं, डॉक्टर म्हणाले. साईशने, मुलाने, दोन्ही ब्रश जाळून नवे आणले. सुविधाने त्यांना तसेच दोरे बांधले.

"लाल दोऱ्याचोच होतो, बाबा," ती आता म्हणाली. "खिळ्यावयलोच काडलंय."

हे ती तेरा दिवस सांगत होती. विठूने आवाज चढवला नाही.

"रविवारी पंप धुवन झाल्यार भाजीचो ब्रश मीच खिळ्याक लावलंय. दोरो बघून. तू गोठ्यातलो घेतलंस."

सुविधाने नवऱ्याकडे पाहिलं. साईश स्कूटरची किल्ली शोधत राहिला. आमोण्याला तिच्या माहेरी सोडून येतो, म्हणाला. परत कधी आणायचं ते बाबा सांगतील.

रविवार होता. निघण्यापूर्वी तिने दोन्ही ब्रश गरम पाण्यातून काढले आणि गडग्यावर ठेवले. मग पदराला हात पुसून स्कूटरवर बसली. विठूच्या पाया पडायला ती आली नाही.

विठूने पंप पाठीला लावला आणि वांगी फवारली. शेजारी देवकीचा मिरचीचा वाफा होता. तिथे ती त्याला हात लावू देत नसे. पिकलेली नि हिरवी एकाच टोपलीत भरता, म्हणायची, एवढी कसली घाई तुमका? आता मिरच्या तशाच सुकत होत्या.

फवारणी झाल्यावर तो गडग्यापाशी आला. सुविधासारखी चूक त्याला करायची नव्हती. त्याने दोन्ही ब्रश हातात घेतले, दोरे डोळ्यांजवळ धरून नीट पाहिले. एक परत ठेवला. दुसऱ्याने औषधाचं माप आतून खसाखसा घासू लागला.

शेजारची यशोदा गडग्यापलीकडून बघत होती.

"विठू," ती म्हणाली, "लाल दोऱ्याचो मरे तो."