धुण्याचा दगड
बाहत्तरच्या दुष्काळात प्रवरा आटली तेव्हा संगमनेरच्या इतिहास मंडळाचे लोक भामाबाईच्या गावी आले. घाटावरच्या धुण्याच्या दगडाच्या कडेला कोरीव अक्षर दिसताच त्यांचे सर भडकले. "अहो बाई, शिलालेखावर धुणं आपटता? अक्षरं झिजवलीत सगळी!" भामाबाईनं पदर खोचला. "आधी उलटा करून बघा, मग बोला." चौघांनी पहारी लावून दगड उलटला. सरांनी चिखल पुसला आणि ते बघतच राहिले. सातही ओळी कालच कोरल्यासारख्या होत्या. "माझ्या सासूनं पालथा घातला हुता," भामाबाई म्हणाली. "तिला वाचता येत नव्हतं, मलाबी येत न्हाई. पर अक्षराला पाय लागू नये, एवढं कळतं." सरांनी वही उघडली. शोधणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी आधीच स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी विचारलं, "सासूबाईंचं नाव काय?" "बनाबाई," भामाबाईनं सगळ्या घाटाला ऐकवलं.