एको काढल्यावर

नवं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर टाकल्यापासून आवाज घुमवणारं जुनं एकोचं प्लगइन त्याच्याशी नांदत नव्हतं. रामहरीआबांची धनगरी ओवी उघडली की कॉम्प्युटर हँग व्हायचा. बारामतीतल्या स्टुडिओत विजयसिंह सकाळपासून तो बंद-चालू करून मेटाकुटीला आला होता. गेल्या वर्षी इथंच गायलेले आबा आता नव्हते. त्यांची बायको ठमाबाई बावड्याहून त्या ओवीची सीडी न्यायला येऊन भिंतीला टेकली होती. शेवटी वैतागून त्यानं ते प्लगइनच काढून टाकलं. आबांचा आवाज कोरडा आला, आणि त्यामागून बांगड्यांची किणकिण. रेकॉर्डिंगच्या दिवशी मागं बसलेल्या ठमाबाईच्या बांगड्यांचीच. ती झाकायलाच त्यानं एको चढवला होता. "थांबा मावशी, दुसरं प्लगइन बघतो. बांगड्यांचा आवाज घालवतो." "नगं ओ," ठमाबाई म्हणाली. "ह्यांनीच वाजवाय सांगितल्या व्हत्या. त्याबिगर त्यास्नी ताल गावायचा न्हाय." विजयसिंहानं तिच्या रिकाम्या मनगटांकडं पाहिलं आणि माऊस सोडला.