दिवा लागला का?

किल्ली फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा जरा वेळ लागून विझायला हवा. निमिषच्या गाडीत तो लागतच नव्हता. फ्यूज धड होता. म्हणजे मीटरच्या मागचा प्लग सैल असणार. पण स्टिअरिंगखाली पाठीवर पडून एका हाताने प्लग दाबायचा, दुसऱ्याने किल्ली फिरवायची, मग दिव्याकडे बघायचं कोणी? शनिवारी सकाळी ज्याला हक्काने हाक मारावी असं कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये त्याचं कोणी नव्हतं.

शेवटी त्याने मफलरने फोन हेडरेस्टला बांधला आणि नागपूरला बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"उत्कर्षा, मीटर दिसतंय?"

"दिसतंय. पण तू कुठे आहेस?"

"खाली. दिवा लागला की सांग."

त्याने किल्ली फिरवली.

"नाही रे."

बुटांच्या बर्फाने मॅट ओली झाली होती, ते पाणी आता पाठीला लागत होतं. बोटं बधिर झाली होती. फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. त्याच्या आईने काहीतरी विचारलं, उत्कर्षाने "फ्रीजवर आहे" म्हणून सांगितलं.

"अरे, मेकॅनिककडे टाक ना गाडी. एवढी काय घाई आहे?"

"दिवाच लागत नाही, तर वेळेला बॅग फुगेल याचा काय भरवसा? तू आलीस की तू बसणार ना शेजारी."

तिचा व्हिसा परवाच दुसऱ्यांदा नाकारला होता.

"मी कुठे येतेय एवढ्यात," ती हळूच म्हणाली.

त्याने अंगठ्याने प्लग सगळा जोर लावून दाबला. टक् आवाज झाला. त्याने किल्ली फिरवली.

"लागला! निमिष, लागला!" ती ओरडलीच. मग म्हणाली, "अरे, गेला."

"जायलाच पाहिजे. गेला म्हणजे सगळं ओके."

तो कसाबसा बाहेर आला. दारातूनच आत वाकून त्याने मफलरच्या गाठीला हात घातला.

"चल, ठेवतो. तुमची जेवणं व्हायची असतील."

"थांब," उत्कर्षा म्हणाली. "मला नीट दिसलं नाही. परत लाव."

त्याचा हात गाठीवरच थांबला. मग त्याने वाकून किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली. दिवा लालभडक लागला, जरा वेळाने विझला.

"दिसला?"

"नाही," ती म्हणाली. "परत लाव."